अबोल्यात दिवस गेले

मी नर्स आहे. गुरुवारी कॉलेजच्या मुलींना घसा फोडून सांगून आले, "दिवस जाऊ नयेत म्हणून ही गोळी संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर तितकी बरी. लाजत बसू नका पोरींनो, घड्याळ कुणासाठी थांबत नाही!" सगळ्या फिदीफिदी हसल्या.

त्याच संध्याकाळी लेकीच्या बॅगेत चार्जर शोधताना त्याच गोळीचं न फोडलेलं पाकीट हाताला लागलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाकीट कपाटात घालून कुलूप लावलं, "घराबाहेर पाऊल टाकलंस तर याद राख" असा दम भरला आणि अबोला धरला. ती "आई, ऐक ना गं" म्हणत स्वयंपाकघरात आली, की मी मिक्सर लावायचे. कितीदा तर भांड्यात काहीच नसायचं.

तीन दिवसांनी, रविवारी संध्याकाळी, माझा राग निवळला. तिच्यासमोर चहा ठेवून म्हटलं, "हं, बोल. काय सांगायचं होतं?"

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"काही नाही, आई. बहात्तर तास झाले."