भोगाचा जाळ

बापूंनी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर लापशी आणि तूप सोडलं. आमच्या तांड्याची रीत अशी, की भोगाला काडी लावायची नाही, फुंकायचं नाही. जाळ आपोआप उठला, तरच सेवालाल महाराजांनी आरदास ऐकली समजायचं. एमएस्सीला गेल्यापासून मी हसायचे. "बापू, तूप तापलं का पेटतेच. त्याच्यात देव कुठून आला?" आज नुसता धूर निघत होता. यवतमाळहून आईच्या गाठीचा रिपोर्ट फोनवर येऊन पडला होता आणि तो उघडायला बोट धजत नव्हतं. बापूंचे डोळे मिटलेले. आईचेही. ती हळूच म्हणाली, "अंजू, पेटला काय वं?" गोवऱ्या दमट आहेत, दुसरं काही नाही, हे मला ठाऊक होतं. आजवर एकाही पेपरला कॉपी केली नव्हती. फोन पालथा ठेवून मी निखाऱ्यांवर वाकले आणि महाराजांनाही ऐकू जाणार नाही अशी फुंकर मारली.