मागच्या फळीखाली

हरिबा आंबी नावेच्या तोंडाशी उकिडवा बसून तिसऱ्यांदा राख चोळत होता. नाव नदीतून ओढून वाळूवर घेतली होती. आत वीस घागरी पाणी ओतलं होतं. बाहेरून फळ्यांना कोरडी राख फासायची आणि बघत बसायचं. जिथं राख भिजेल तिथं फट. बापानं शिकवलेली रीत. पण तोंडाकडची राख कोरडीच्या कोरडी, आणि आतलं पाणी मात्र बोटाबोटानं खाली चाललेलं.

काल आप्पासो पाटलांची नवी सून या नावेतून सासरी आली. पुढच्या फळीवर बसली होती. मधधारेत तिच्या शालूचा काठ भिजला. उतरल्या उतरल्या आप्पासोंनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "उद्या सांजपतोर नाव कोरडी पायजे, हरिबा. न्हाईतर परवापास्नं वल्हं दुसऱ्याच्या हातात." आणि हरिबाच्या घरात तीन पिढ्या वल्ह्याशिवाय दुसरं काही कुणी धरलेलं नव्हतं.

"पुढं काय हुडकतायसा? मागं बघा."

त्यानं वळून बघितलं. बनुबाई होती. पलीकडच्या बौद्धवाड्यातली. गाव अजून महारवाडाच म्हणायचं. डोक्यावर बोचकं घेऊन यष्टीतनं उतरून आली होती आणि नाव वाळूवर बघून थांबली होती.

"शालू पुढं भिजलाय, बने. पाटलाच्या सुनंचा."

"पुढं चार जाडजूड मानसं बसल्यावर पानी पुढंच पळनार. येतंय मागनं. डाव्या अंगाला, मागच्या फळीखाली. दोन बोटं लांब फट हाय."

"तुला काय सपान पडलं?"

"सपान कशाला? दुष्काळात नाव वाळून फट पडल्यापास्नं, दोन वर्सं, मी तितंच बसतीया की."

हरिबा उठला. नावेत फळ्यांवर गाव बसायचं. मागं, तळाला, बौद्धवाडा. कुणी लिहून ठेवलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. सकाळपासून राख पुढंच फासली होती ती त्यामुळंच. मागं बघावं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो नावेत चढला, त्यानं पाण्यात हात घालून मागच्या फळीखाली चाचपलं. चिंधी हाताला लागली. ओढली. हिरव्या लुगड्याची होती. तिच्यामागून धोतराची निघाली. मग गोणपाटाचा तुकडा. मग पुन्हा लुगड्याची, कुजून काळी झालेली. शेवटची निघाली तसं आतलं पाणी भळाभळा वाळूत जायला लागलं.

"ह्या कुनाच्या गं?"

"आमच्याच. बसलं की आदी चिंदी कोंबायची, मग तुमी वल्हं मारायचं. आठ दिस मी कवठे महांकाळला भनीकडं हुते. बाकीच्यास्नी ध्यान ऱ्हायलं नसंल."

आठ दिवस एका बाईनं चिंधी कोंबली नाही, तर पाटलाच्या सुनेचा शालू भिजला. दोन वर्षं कोंबली, तर कुणाला कळलंसुद्धा नाही.

"मग मला सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं हुतं. पयल्याच पावसाळ्यात." तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमी म्हनलासा, पान्यात बसवत नसंल तर पवत ये. फळीवरची लय हसली."

हरिबाला आठवलं. शब्द आठवले नसते, पण ते हसणं आठवलं. ते हसले तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. पाटलाच्या माणसांना आपण हसवलं म्हणून.

त्यानं मान वर केली नाही. नाव उलटी केली. फटीत काथ्या ठोकला, डांबर तापवून ओतलं. बनुबाई बाभळीच्या सावलीला बोचक्यावर बसून राहिली. डांबर वाळत आलं तेव्हा तो तिच्याकडं न बघताच म्हणाला, "बनुबाई." हा 'बाई' तिच्यासाठी त्याच्या तोंडातून पहिल्यांदाच निघाला. "आजपास्नं फळीवर बसत जा."

"आनि आप्पासो?"

"मी हाय की."

सांजेला आप्पासो सुनेच्या माहेरची चार माणसं घेऊन उतारावर आले. वाकून तळ बघितला. बोट फिरवून बघितलं. मग पुढच्या फळीवर ऐसपैस बसले. पाहुणे बसले. मधली फळी मोकळी राहिली.

बनुबाई एक पाय नावेत टाकून उभी राहिली. तिनं हरिबाकडं बघितलं.

हरिबा दोर गुंडाळत होता. दोर गुंडाळून झाला, तो त्यानं सोडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला. पाहुण्यांतल्या एकानं बनुबाईकडं बघून आपलं धोतर आवरून घेतलं. दोर दुसऱ्यांदा गुंडाळून होईपर्यंत ती थांबली. मग मोकळी फळी ओलांडून मागं गेली आणि तळाला बसली.

नाव धारेला लागली.

"झ्याक! खडखडीत कोरडी हाय," आप्पासो पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कुटं घावली रं फट?"

"मागं."

"मागं? तितं कशी काय घावली?"

हरिबा मागंच उभा राहून वल्हं मारत होता. बनुबाई त्याच्या पायाशी होती. बोचकं मांडीवर घेऊन ऐकत होती.

"मीच हुडकली, आप्पासो."

"शाब्बास गड्या."

वल्हं फिरलं की ते मागं बसलेल्यांच्या डोक्यावरून जायचं. दर खेपेला हरिबा वरून खेकसायचा, "वाका रं!" आज तो खेकसला नाही. वल्हं पाण्यातून वर आलं, आडवं झालं.

बनुबाई आपली आपणच वाकली.