आत्याची कंबर

"डाव्या अंगावर हो आत्या, जरा जोर लाव," म्हणत वैष्णवीनं बायनाबाईच्या पाठीखाली हात घातला. आत्या कण्हली. वैष्णवीचं लक्ष मात्र उशाजवळच्या मोबाईलवर. जर्मनीतल्या वृद्धाश्रमाचा आज फोन यायचा होता, आणि सकाळपासून पोरीचा पाय एका जागी ठरत नव्हता.

बारावी झाल्यापासून तिनं एकच हेका धरला होता. वर्षभर तिकडं जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची, आल्यावर नर्सिंगला जायचं. गंगाखेडकडच्या त्यांच्या गावात असलं काही कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं.

उन्हाळ्यात पहिला फोन झाला होता. पलीकडच्या बाईनं विचारलं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं कधी केलंय का? शेजारी बसलेला मामेभाऊ जीवन खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. ही बया म्हणाली, "नाही केलं." मग काय, अनुभव घ्या, पुढं बघू, असं सांगून बाईनं फोन ठेवला.

"एक थाप मारली असतीस तर जीभ झडली असती का तुझी?" जीवन लय बोलला. वैष्णवी रडून रडून सुजली. पण खोटं तिच्या तोंडून कधी निघालंच नाही, लहानपणापासून.

त्यात पंधरवड्यानं आत्या गोठ्यात पडली. आत्या म्हणजे वैष्णवीच्या वडिलांची, किशनरावांची थोरली, विधवा बहीण. भावाच्या घरी राहून गड्याच्या बरोबरीनं राबणारी. तिची कंबर धरली ती धरलीच. किशनराव दवाखान्यात न्यायला निघाले तर म्हणाली, "मला गाडीत घातलंस तर वाटंतच मरंन. पडू दे हितंच." वर आणि वैष्णवीशिवाय कुणाचा हात लागू देईना. अंघोळ, भरवणं, संडासचं भांडं देणं, सगळं पोरीच्या गळ्यात.

वैष्णवीची आई राजेश्री चुलीपुढं धुसफुसायची. "लेकरानं जायचं नाव काढलं अन् हिची कंबर गेली. पोरीला पाठवायचंच न्हाई हिला, दुसरं काय." किशनराव ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

वैष्णवीलाही कधीकधी तसंच वाटायचं. मग तसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

दुपारी फोन आला. बाईनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत वैष्णवी बोलत सुटली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, घास किती बारीक करायचा, लाजणाऱ्या माणसाला आडोसा कसा धरायचा. बाईनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, या.

आनंद करायचा सोडून पोरगी आत्याच्या पायाशी बसून रडायला लागली.

"मी न्हाई जात. तुझं कोण करंल?"

"गीता हाय की शेजारी."

"तिला हात लावू देशील?"

"लावू दीन. पण तू गेली न्हाईस तर मी अन्न सोडीन, सांगून ठेवते." आत्याचा आवाज एवढा कडक होता की वैष्णवी उठून कागदपत्रं शोधायला लागली.

कागदपत्रं होईस्तोवर शेतात कापूस फुटला. निघायच्या दिवशी आईबाप, जीवन, सगळे पोचवायला जीपमध्ये बसले. वैष्णवी मात्र दारातून पुन्हा पुन्हा माघारी यायची. आत्याची गोधडी सारखी करायची, गळ्यात पडायची. बाप ओरडला तेव्हा कुठं निघाली. आत्यानं भिंतीकडं तोंड केलं होतं.

गीताबाई दारात उभी राहून बघत होती.

"गेली का गं?" बायनाबाईनं विचारलं.

"गेली. फाट्यावरून वळली बी."

बायनाबाईनं डोळे पुसले. गोधडी बाजूला सारली, उठून ताठ उभी राहिली आणि पदर खोचला.

"चल मग, कापूस वेचायला घेऊ," ती म्हणाली. "पडून पडून अंग आंबलं माझं."