गाडीवरची केळभजी

अमृत नोकरीसाठी इंडोनेशियात, आणि सरलाबाईंचा जीव रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यात. आज तो रस्त्यावर एका बाईच्या गाडीपाशी उभा राहून केळ्याची भजी खात होता.

"आपला वावरमा केळीज केळी, तवय नाक मुरडे! आते तठे इकत लिसन खास का रे?" सारंगखेड्याहून आईचा टोमणा गेला.

अमृत हसला नाही. "माय, भूक नही ऱ्हायनी तरी येस. हाई मावशी एक सरनं का न इचारता दुसरं वाढस."

सरलाबाईंनी पदरानं डोळे टिपले. मग म्हणाल्या, "फोन दे तिले."

पडद्यावर अनोळखी, घामेजलेला चेहरा आला.

"बाई, मन्हा पोऱ्याकडे ध्यान ठेवजो."

तिला अहिराणीतलं अक्षरही कळलं नसावं. तिनं सरलाबाईंचे भरले डोळे पाहिले आणि अमृतच्या ताटलीत आणखी एक भजं ठेवलं.