तिखट कान

"काय करतंय बघा मेलं! आधी धावतंय, मंग..."

"काकी, गप बसा हो जरा! काकांना ऐकू द्या." मी वैतागलो होतो. नारळ वाढवून सगळ्या होड्या मासेमारीला गेल्या, माझीच तेवढी इंजिन बिघडून धक्क्याला. पोशाकाका बंदरातले जुने मिस्त्री. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावली, की त्यांना दोष सापडलाच. आणि त्यांचा डबा घेऊन आलेली काकी बडबड थांबवेना.

ती गप्प झाली. काका स्क्रूड्रायव्हर इकडून तिकडे फिरवत राहिले. कपाळावर घाम आला. "इंजिन बंद करू का?" मी त्यांच्या मागून ओरडून विचारलं. त्यांनी मानही वळवली नाही. ते काकीच्या मिटलेल्या ओठांकडे बघत होते, आणि काकी पदर चुरगाळत माझ्याकडे.

इंजिनांजवळ जन्म काढून काकांचे कान गेले होते, आणि मी गप्प कोणाला बसवलं होतं!

"काकी," मी म्हटलं, "सांगा ना, कसं वाजतंय हे?"

ती काकांसमोर सरकली. "आधी धावतंय. मंग दम लागल्यागत थांबतंय. परत उधळतंय."

"हवा शिरलीय," काका लगेच म्हणाले. त्यांनी डिझेलच्या नळीचा नट सैल केला, बुडबुडे जाऊ दिले, नट आवळला. इंजिन एका लयीत चालू लागलं.

"काका, कान अजून तिखट आहे हो तुमचा!"

काकांनी काकीकडे बघितलं. तिने माझं बोलणं त्यांना सांगितलं, जरा वाढवूनच.