कपाटाखालचा कागद

सकाळी सव्वासहाला कपाटाखालचा काळा कागद स्वच्छ होता. एक दाणा नव्हता. सुताराची बायको तो झटकायला म्हणून गुडघ्यांवर बसली होती, ती तशीच उठली.

पंधरावा दिवस होता. दहाला लाकडाच्या किडीचा औषधवाला येणार होता.

पहिल्या खेपेला त्याने कपाटाची मागची बाजू स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वरपासून खालपर्यंत ठोकत आणली होती. एका ठिकाणी आवाज पोकळ झाला. तिथेच खाली खसखशीएवढे दाणे सांडले होते.

“रंध्याचा भुसा असेल,” सुतार म्हणाला होता. रंधा माळ्यावर जाऊन सहा वर्षं झाली होती.

औषधवाल्याने भिंग पुढे केलं. प्रत्येक दाण्याला सहा कडा होत्या. “भुसा असा नसतो, काका. वाळवीची विष्ठा आहे ही. भिंतीवर मातीची नळी कुठे दिसत नाही, म्हणजे जमिनीतून आलेली नाही. ही सुक्या लाकडातच जन्म काढणारी जात.”

त्याने फळीला बारीक भोकं पाडली, सुईने औषध भरलं, भोकं मेणाने बुजवली आणि खाली काळा कागद अंथरला. “पंधरा दिवस कागदाला हात लावायचा नाही. केरसुणी नाही, फुंकरही नाही. दाणे थांबले तर सुटलो. पडतच राहिले तर मागची बाजू उचकटून जाळावी लागेल.”

तेव्हा सुताराने आपल्या हातांकडे पाहिलं होतं. त्याचे हात आता इतके थरथरत की चहाचा कप अर्धाच भरावा लागे. हे कपाट त्या हातांनी केलेलं शेवटचं काम. बायकोने त्याची नजर पाहिली आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्या दिवसापासून दुपारी तो जरा लवंडला की ती कागद अलगद ओढून खिडकीबाहेर झटकत होती. सकाळी मात्र कागद रोज कोराच सापडे. वाळवी दुपारचीच जेवते, असं तिला वाटू लागलं होतं.

चहाच्या वेळी तिला त्याची तर्जनी दिसली. टोक काळंकुट्ट झालं होतं.

“बोटाला काय लागलंय?”

“कुठे काय.”

“शाई?”

“असेल.”

घरात शाई नव्हती. काळा कागद हलक्यातला होता. ओलं बोट टेकलं की रंग सोडायचा. तिने बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली.

दहाला औषधवाला आला. जमिनीवर पालथा पडून त्याने बॅटरी फिरवली, बराच वेळ फिरवली. “कमाल आहे. वाळवी मेली तरी पोकळीतले जुने चार दाणे गळतातच. इथे पंधरा दिवसांत एकही नाही?”

त्याने खिशातलं पेन काढलं. “मग लिहू का, काम झालं म्हणून?”

“अहो,” बायको म्हणाली, “बोट दाखवा त्यांना.”

सुताराने मूठ मिटली. “झाकली मूठ राहू दे ना.”

“दाखवा म्हणते ना.”

त्याने बोट दाखवलं नाही. सदऱ्याच्या खिशातून काड्यापेटी काढून औषधवाल्याच्या हातावर ठेवली. आत दाणे होते. पेटीच्या पाठीवर जाड पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरात रोजचा आकडा होता. पहिल्या सकाळी बावन्न. पाचव्या एकतीस. काल तीन, आज दोन.

“हे मोजले कशाला?” औषधवाल्याने विचारलं.

“न मोजता कधी काही उचललं नाही मी.”

“आणि लपवले कशाला?”

सुतार कपाटाकडे बघत म्हणाला, “हिला ते उचकटलेलं बघवलं नसतं.”

“मला?” बायको उसळली. “मला काय धाड भरली होती? मी तर तुमच्यासाठी...” आणि तिने जीभ चावली.

औषधवाला तिच्याकडे वळला. “काकू?”

“दुपारचे मी झटकत होते. खिडकीबाहेर.”

“किती असायचे?”

“ते मी कशाला मोजू? मी काय सुतार आहे?”

सुताराने मान वर केली. बायकोकडे असा बघत राहिला, जणू चाळीस वर्षं वापरातल्या टेबलाला त्याला आजच एक चोरकप्पा सापडला होता.

औषधवाल्याने पेन खिशात ठेवलं. “सकाळचे आकडे उतरलेत, एवढं बरं आहे. पण दुपारचं काहीच माहीत नाही. आता पुन्हा पंधरा दिवस.” त्याने नवा कागद अंथरला, चारी कोपरे चिकटपट्टीने जमिनीला चिकटवले. दारात बूट घालताना म्हणाला, “तुम्हा दोघांपेक्षा वाळवी सरळ.”

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला दोघंही कपाटापुढे बसले होते. त्याचा उजवा हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. हात थरथरत होता, पण त्याने तो सोडवून घेतला नाही.

कागदावर दोन दाणे होते. जुने की ताजे, कळायला मार्ग नव्हता.