घड्याळजीच्या घशातली गाठ

"मागच्या खेपेला कुठवर आलो होतो आपण?" डॉक्टरांनी विचारलं.

कोचावर आडवा झालेला घड्याळजी छताकडे बघत म्हणाला, "बाबांपर्यंत. तिथंच अडलं."

"आणि गाठ?"

"आहे की जागच्या जागी." त्याने गळ्यावर हात ठेवला.

डॉक्टरांची खुर्ची कोचाच्या उशाशी होती, त्याला दिसणार नाही अशा बेताने. मागचं रुग्णानेच सांगायचं, हा त्यांचा शिरस्ता. मनाला जे आठवावंसं वाटतं त्यातच त्याचं दुखणं दडलेलं असतं, असं ते म्हणत.

गळ्याच्या सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या, आत काहीच नव्हतं. दिवसभर दुकानात हा गडी गिऱ्हाइकांशी पोपटासारखा बोले, पण बापाचा विषय निघाला की घास अडकल्यासारखा घसा आवळून येई. देवाने जीभ एकच दिली खरी, पण मन गप्प बसलं की अख्खा देह बोलायला लागतो. डॉक्टरांनी उभा जन्म तेच बोलणं ऐकण्यात घालवला होता.

दार ढकलून मदतनीस बाई आत आल्या. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर गोळी.

"बाई, रुग्ण आहे आत."

"दिसतोय मला. आंधळी नाही झाले अजून. आधी ही घ्या."

"अहो, डॉक्टर मी आहे."

"म्हणून तर एवढी टाळाटाळ! आ करा."

डॉक्टरांनी मुकाट्याने गोळी गिळली. जुनं माणूस, उलटून बोलायची सोय नव्हती. कोचावरून हसू दाबल्यासारखा आवाज आला.

"हसा तुम्ही," बाई जाता जाता म्हणाल्या, "तुमचीही पाळी येईल."

दार लागलं. डॉक्टर खाकरले. "हं. वडील काय करायचे?"

"दुरुस्तीचं काम."

"म्हणजे पिढीजात धंदा!"

"तसंच म्हणा. त्यांचं काम माझ्याहून नाजूक. दार लावून बसायचे. आम्ही घरात चवड्यांवर चालायचो."

त्याची बोटं गळ्यावरून फिरत राहिली. डॉक्टरांनी घाई केली नाही. शांततेला हात लावू नये, ती आपली आपण पिकते.

"लहान होतो," तो म्हणाला. "घरात गजराचं एक घड्याळ बंद पडलं होतं. मी ते खोललं, जुळवलं आणि चालू केलं. आनंद पोटात मावेना. धावत बाबांच्या दाराशी गेलो. थाप मारली. पुन्हा मारली. आतून आवाज आला, 'कोण आहे? जा इथून!' परक्याला म्हणावं तसं. घड्याळ पोटाशी धरून तिथंच बसलो. त्या दारावर पुन्हा कधी थाप मारली नाही."

"राग आला?"

"तेव्हा भीती वाटली. राग नंतर आला आणि मुक्कामालाच राहिला."

"वडील आहेत?"

"आहेत."

"मग एकदा बोलून मोकळे का होत नाही?"

"बोललेलं पोचत नाही."

"कमी ऐकू येतं का त्यांना?"

"कान शाबूत आहेत."

डॉक्टर मनाशी हसले. मनाची जुनीच खोड ही! कधीकाळी बापाने लावलेल्या दाराला पुढे मुलगाच आतून कडी घालून बसतो.

"असं कुठवर चालणार? म्हातारं माणूस म्हणजे पिकलं पान."

"म्हणूनच तर येतो, डॉक्टर." त्याचा आवाज घोगरा झाला. "माझा राग गेलाय, एवढंच त्यांना सांगायचंय. ते आहेत तोवर. नाहीतर ही गाठ माझ्याबरोबरच जाईल."

डॉक्टरांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "एक विचारतो, लाजू नका. मी तुम्हाला त्यांच्यासारखा वाटतो?"

"वाटता."

"वाटणारच. रुग्ण नकळत आपल्या बापाला डॉक्टरच्या खुर्चीत आणून बसवतो. त्यात वावगं काही नाही, उलट आमचं अर्धं औषध तेच. आज बसवाच. मी तुमचा बाप आहे असं समजा आणि बोला."

घड्याळजीने डोळे मिटले. अंगातलं सगळं बळ एकवटून तो म्हणाला, "बाबा... घड्याळ चालू झालं होतं. तेवढंच दाखवायचं होतं तुम्हाला. माझा आता राग नाही."

इथे डॉक्टरांनी गप्प बसायचं असतं. त्यांच्या गुरूंनी तसं बजावून ठेवलं होतं: ऐका, उत्तर देऊ नका. पण तोंडातून शब्द निघून गेले होते.

"बाळा, थाप ऐकली होती मी. आत एक माणूस ढसाढसा रडत होता. माझा हात धरून बसला होता, तो मला सोडवेना. त्याला सावरलं आणि तुला बाहेर ठेवलं. ते अजून सलतं रे."

खोलीत हुंदका फुटला. घड्याळजी उठून बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग बाहीने तोंड पुसून त्याने आवंढा गिळला. पुन्हा गिळून पाहिला.

डॉक्टर मात्र खजील झाले होते. कुणाचा कोण बाप, आणि त्याच्या वतीने आपण वाटेल ते बोलून गेलो!

"माफ करा, मर्यादा सोडली मी," ते म्हणाले. "गाठ?"

"उतरली वाटतं."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "मग आता इथे थांबू नका. घरी जा आणि हेच वडिलांच्या तोंडावर बोला. त्यांच्या गळ्यातही एखादी गाठ असेल, कुणी सांगावं!"

"हो, डॉक्टर." त्याने पुढे होऊन डॉक्टरांना दोन्ही हातांनी धरलं, सावकाश खुर्चीतून उठवलं आणि दार उघडून स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली, "आई, ताटं घे. बाबांना घेऊन येतोय."